दिवाळीच्या भेटीत जीव नको

दिवाळीच्या खरेदीत क्रॉफर्ड मार्केटमधून एखादं पिल्लू उचलून भाच्याला भेट द्यावं, हा विचार प्रेमातूनच येतो. तरी मला तो पटत नाही. कुत्रं १०-१५ वर्षं जगतं. गिरगाव-लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत ती वर्षं कोण निभावणार, हे देणारा परस्पर ठरवून मोकळा होतो. त्यात वेळही वाईट: नव्या घरात बावरलेल्या पिल्लाच्या कानावर पहिल्याच रात्री फटाके. भेट मिळालेल्या प्राण्यावरचं प्रेम कमी होत नाही, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत बहुतेकांनी सांगितलं होतं. ते मी मान्य करते. पण प्रेम असूनही जागा, वेळ, लसींचा खर्च आणि घरातल्या सगळ्यांचा होकार लागतोच, आणि तो आधी घेतला तर आश्चर्याची भेट उरत नाही. नाही झेपलं तर? परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जनावरांवर उपचार करतंय. आपली फसलेली हौस तिथे नेऊन टाकायची? आणि रस्त्यावर सोडावं, तर उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. भाच्याला खरंच कुत्रं हवं असेल, तर लसींचे पैसे द्यावेत. पिल्लू घरच्यांनी सणानंतर, निवांत, स्वतः पाहून आणावं.