नाग नदीच्या मागोमाग कुहीपर्यंत

नागपूर आणि नाग नदी यांचे नाते नावातच आहे. तरीही शहरातल्या लहान मुलाला नाग नदी दाखवा म्हटले तर तो "कोणती? तो नाला का?" असे विचारतो. त्याचा दोष नाही. त्याने तिला कधी नदी म्हणून पाहिलेलीच नाही. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा आणि सायकलचे पायडल जोरात मारायचे, एवढीच आपली तिची ओळख.

पण आपल्या समाजाला ही नदी विसरून चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, प. पू. बाबासाहेबांनी जे भाषण केले त्यात त्यांनी नागपूरच का निवडले याचा खुलासा केला. बौद्ध धम्माचा प्रसार करणारे ते नाग लोक, त्यांची या भागात वस्ती होती, आणि इथून वाहणाऱ्या नदीचे नावही त्या लोकांवरूनच पडले असले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे ज्या नदीला आपण नाला म्हणतो, तिचे नाव बाबासाहेबांनी आपल्या इतिहासाचा पुरावा म्हणून घेतले आहे.

ही नदी शहराबाहेर पडून पुढे कुठे जाते, हे एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही चार-पाच जण कुहीकडे निघालो. बायका-मुले बरोबर होती. डबे घरचेच होते.

निघण्याआधी शहरातली नदी थोडी पाहून घेतली. लाव्हा गावाच्या टेकड्यांकडून येणारे पाणी अंबाझरी तलावात साठते आणि तिथून नाग नदी शहरात शिरते. पुढे सीताबर्डी, मोक्षधाम घाट, महाल, नंदनवन, पारडी असा तिचा सतरा-एक किलोमीटरचा प्रवास आहे. तिच्या दोन्ही काठांनी सगळे नागपूर वसले आहे. कुठे बंगले, कुठे इमामवाडा-जाटतरोडीच्या दाट वस्त्या, कुठे भोसल्यांच्या काळची जुनी पेठ, कुठे कोष्ट्यांची घरे, कुठे मशीद, कुठे विहार. उत्तर नागपूरच्या लोकांनी आपण सुटलो असे समजू नये. गोरेवाड्याकडून निघून तिकडच्या वस्त्यांतून वाहणारी पिवळी नदीही शेवटी नागेलाच मिळते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा हे पाणी लेआउटमध्येही शिरले आणि झोपडीतही शिरले. पुराने कोणाची जात विचारली नाही, पैसाही विचारला नाही. फक्त पूर ओसरल्यावर कोणाचे घर लवकर सावरले आणि कोणाचे सावरलेच नाही, एवढा फरक राहिला.

गणेशपेठच्या बसस्थानकावरून एस.टी.ने निघालो. पूर्वी कुहीला जायला इतवारीहून छोटी गाडी होती. इतवारी ते नागभीड जाणारी ती अरुंद रुळांची गाडी दिघोरी, कुही, उमरेड, भिवापूर करत डुलत डुलत जायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली. आपल्या कितीतरी घरांत त्या गाडीच्या गोष्टी आहेत. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्यांनी भोवतालच्या खेड्यांतली माणसे नागपुरात ओढून आणली. आपले लोक गावात जाडेभरडे कापड विणत होतेच, मागाची सवय हाताला होती. मिल २००२ साली बंद पडली, पण जी कुटुंबे आली ती शहराचीच झाली. आजी कुहीकडची, मामा मांढळचा, आत्या वेलतूरला दिलेली, अशी नाती आजही इंदोऱ्यापासून नंदनवनपर्यंत घरोघरी सापडतील. म्हणून कुही आपल्याला परकी नाही.

शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर. उमरेड रस्त्याने कुही फाट्यावर वळलो की धानाच्या बांध्या दिसू लागतात. कुही हे तालुक्याचे ठिकाण असले तरी रूप गावाचेच. तहसील कचेरी, दवाखाना, शाळा, पानठेले, बी-बियाण्यांची दुकाने. बाजारात कुणबी आहेत, तेली आहेत, ढिवर आहेत, गोंड आहेत, मुसलमान आहेत, आपली बौद्ध मंडळीही आहेत. "जयभीम" म्हटले की पलीकडून "जयभीम" येते, आणि शेजारच्या दुकानातून "रामराम" येतो. तालुक्यातले मांढळ हे मिरचीसाठी प्रसिद्ध. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडत बसलेल्या बायांमध्ये सगळ्या जातींच्या गरीब बाया एका रांगेत असतात. तिथे ठसक्याने खोकला येतो तो सगळ्यांना सारखाच येतो.

मग नाग नदीचा शोध घेत आम्ही शेतांकडे गेलो. शहरात काँक्रीटच्या भिंतींत कोंडलेली ती नदी इथे मोकळ्या काळ्या मातीतून वाहते. दोन्ही काठांना बाभळी, पलीकडे शेते. दुरून पाहिली तर खरोखरच नदी वाटते. जवळ गेलो तसा तोच वास आला जो आम्ही पारडीच्या पुलावर सोडून आलो होतो. पाण्यावर फेस, काठाला प्लास्टिकच्या पिशव्या, बिस्किटांचे कागद, गुटख्याच्या पुड्या. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "हे तर आपल्याकडचेच आहे." तिच्या बोलण्यावर कोणी काही बोलले नाही.

शेतात एक म्हातारे कुणबी शेतकरी पंप सुरू करत होते. त्यांनी आम्हाला धुऱ्यावर बसवले, घरून चहा मागवला. पाण्याचा विषय काढला तर म्हणाले, "पाणी तर बाराही महिने आहे जी. तुमचं नागपूर सोडते न! पन हात बुडवाले जीव नाई होत." थोडे थांबून हसत म्हणाले, "तुमी लोकं कन्हानचं पाणी पेता अन् आमाले नागचं देता."

त्यांचे म्हणणे शब्दाशब्दाने खरे आहे. नागपूरला पिण्याचे पाणी पेंच धरणातून आणि कन्हान नदीतून मिळते. शहर कन्हानचे स्वच्छ पाणी वरच्या अंगाला उचलते आणि वापरून झालेले पाणी नागेतून खालच्या अंगाला पुन्हा त्याच कन्हानच्या पदरात टाकते. मधल्या गावांनी त्या पाण्यावर शेती करायची, गुरे पाजायची, त्यात उभे राहून काम करायचे. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्र सरकारने २०२२ साली १९०० कोटींहून अधिक खर्चाची योजना मंजूर केली आहे. ती योजना कागदावरून पाण्यात कधी उतरते, याची वाट कुहीकरांनी आपल्यापेक्षा जास्त आतुरतेने पाहावी हे स्वाभाविकच आहे.

कन्हान पुढे अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. नागपूरहून अंभोरा सुमारे सत्तर किलोमीटर. वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी आणि मुर्झा अशा पाच नद्यांचा हा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. आद्यकवी मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' इथेच लिहिला असे या भागातले लोक अभिमानाने सांगतात. २०२४ साली इथे वैनगंगेवर तारांनी तोललेला सुमारे सातशे मीटर लांबीचा मोठा पूल खुला झाला, वर उंचावर गॅलरी आहे. नागपूर आणि भंडारा हे दोन जिल्हे त्याने जवळ आले. रविवारी इथे जत्रेसारखी गर्दी असते. फोटो काढणारी पोरे, नवी जोडपी, बुरखा घातलेल्या बाया, निळे उपरणे घेतलेले म्हातारे, सगळे एकाच कठड्याला टेकून पाणी पाहतात. दृश्य मनाला सुखवणारे आहे.

काठावर एका ढिवर बांधवाशी बोललो. डोंगा दुरुस्त करत बसला होता. तो म्हणाला, "पाणी वाढलं तशी मासोळीबी वाढाले पायजे. पन नागपूरचं पाणी येते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडते." त्याच्या पोटाचा प्रश्न असा आपल्या मोरीपासून सुरू होतो.

हे पाणी वाढले ते गोसीखुर्द धरणामुळे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचा हा प्रकल्प. पण त्यासाठी भंडारा जिल्ह्यातली आणि आपल्या कुही तालुक्यातली अनेक गावे उठली. प्रकल्पग्रस्तांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, उपोषणे केली. २०१३ साली राज्य सरकारने त्यांच्यासाठी सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज दिले. त्या लढ्यात कुणबी, ढिवर, बौद्ध, गोंड सगळे एका सतरंजीवर बसले, कारण पाणी सगळ्यांच्याच चुलीपर्यंत येणार होते.

अशाच एका नव्या गावठाणात आम्ही दुपारचे डबे सोडले. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, मधे पाण्याची टाकी. विहाराच्या ओट्यावर एका आजीबाईंनी आम्हाला बसायला चटई दिली. जुने गाव कसे होते असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "जुन्या गावात आमची विहीर येगळी होती बाई. घरं एकदम कडेले. इथं सगळ्यायले एकाच टाकीचं पाणी येते. पयले पयले काही लोकायले जड गेलं. आता त्यायच्या सुना अन् आमच्या सुना संगंच नळावर भांडतात." असे म्हणून त्या मनापासून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पन वावर गेलं ते गेलंच. पोरगा नागपुरात गार्ड आहे."

आम्ही त्यावर बराच वेळ विचार करत राहिलो. एका धरणाने वेगळी विहीर बुडवली हे चांगले झाले. त्याच धरणाने त्या माऊलीचे शेतही बुडवले. दोन्ही गोष्टी एकाच पाण्याने केल्या. आता तिचा मुलगा नागपुरात राहतो, इथल्याच नळाचे पाणी वापरतो, आणि त्याच्या घरचे सांडपाणी नागेतून वाहत वाहत आईच्या गावाशी येते.

हा प्रदेश आजचा नाही. कुही तालुक्यातच अडम नावाचे गाव आहे. १९८८ ते १९९२ या काळात तिथे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. तटबंदी आणि खंदक असलेले प्राचीन नगर निघाले, सातवाहनांची नाणी निघाली, आणि 'अस्सक जनपदाची' अशा अर्थाची ब्राह्मी अक्षरे असलेली मातीची मुद्रा निघाली. अंगुत्तर निकायात सोळा महाजनपदांची नावे आहेत, त्यांतलेच हे अस्सक. वैनगंगेच्या काठाने खाली गेले की भंडारा जिल्ह्यातले पवनी. तिथे १९६९-७० च्या उत्खननात मोठे स्तूप उजेडात आले. स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्या साध्या उपासक-उपासिकांची नावे कोरलेली आहेत, आणि एका स्तंभावर तथागतांवर फणा धरणारा मुचलिंद नाग नावासह कोरला आहे. ज्या नाग लोकांविषयी बाबासाहेब बोलले, त्यांच्या खुणा या पाण्याच्या काठाकाठाने अशा उभ्या आहेत.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे ते आपण सर्व जाणतो. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, आणि सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन शेजाऱ्यांनी एका नदीचे पाणी कसे वापरावे, हा प्रश्न आपल्या धम्माच्या उगमापाशीच आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवण्यासाठी उभे राहिलो. ज्यांच्या आजोबांना पाणी शिवू दिले नाही, त्यांनी तरी खालच्या गावाला शिवता येणार नाही असे पाणी पाठवू नये. शहराची घाण एकट्या गरिबाची नाही, कारखान्यांची आणि मोठ्या लेआउटांची अधिकच आहे. म्हणून गरिबाच्या वस्तीने मोरी स्वच्छ ठेवली तरी काम संपत नाही. शासनाला जाब विचारण्याचे कामही करावे लागेल.

आमची विनंती एवढीच. यंदाच्या वर्षावासात आपापल्या विहारात एक रविवार नाग नदीसाठी ठेवा. महिला मंडळांनी पुढाकार घ्यावा. वस्तीतली मोरी कुठे मिळते, गटाराची लाइन कुठे फुटली आहे, कचऱ्याची गाडी कोणत्या गल्लीत येत नाही याची यादी करा आणि वस्तीतल्या सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन ती नगरसेवकाच्या हातात द्या. उत्तर येईपर्यंत दर महिन्याला जा. आणि थंडीच्या दिवसांत मुलांना घेऊन एकदा कुही, अंभोरा आणि पवनी अशी सहल काढा. सकाळी लवकर निघा, भाकरी बरोबर घ्या, उन्हाळा टाळा. कोणी नातेवाईक त्या बाजूला असेल तर त्याच्या अंगणात जरूर बसा, आणि त्यांच्याकडचे पाणी कसे आहे ते विचारून या.

जयभीम!