स्तनातील गाठ आणि तुंबलेल्या नळीचे चित्र

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेक मातांच्या एका स्तनात दुखरी गाठ येते. तो भाग तापतो, ताठरतो; थंडी वाजून ताप भरतो. गोऱ्या त्वचेवर लाली उठते, सावळ्या त्वचेवर ती सहज दिसतही नाही. घरातील अनुभवी स्त्रिया निदान करतात, 'दूध साकळले आहे.' मग गरम शेक, जोर लावून मालीश आणि स्तन पूर्ण रिकामा होईपर्यंत दूध काढणे, असा उपायांचा क्रम ठरतो.

या उपायांमागे एक स्पष्ट चित्र आहे, तुंबलेल्या नळीचे. नळीत काही अडकले असेल तर ते उष्णतेने सैल करावे, दाबून पुढे ढकलावे, हा तर्क त्या चित्रापुरता बिनचूक आहे. म्हणून त्याला मातांचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ जवळपास हेच सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या स्तनदाहविषयक पुस्तिकेतही दूध प्रभावीपणे काढून टाकण्यावर भर होता.

२०२२ मध्ये 'अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन' या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपली मार्गदर्शिका बदलली आणि हे चित्रच मोडीत निघाले. दूधवाहिन्या नळासारख्या कडक नसतात. त्या बारीक, एकमेकींत गुंतलेल्या आणि सहज दबणाऱ्या असतात. भोवतालच्या ऊतींना सूज आली की वाहिनी बाहेरून चेपली जाते. आत बोळा नसतोच, मग ढकलणार काय? जोराच्या मालिशीने सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊन सूज वाढते. शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सुजेत भर पडू शकते. शिवाय जितके दूध काढावे तितके शरीर नव्याने तयार करते. त्यामुळे स्तन 'रिकामा' करण्याचा अट्टहास दाटलेपणा आणखी वाढवतो.

नवी शिफारस साधी आहे. थंड पट्ट्या, विश्रांती, डॉक्टरांच्या सल्ल्याने सूज उतरवणारे औषध आणि बाळाला नेहमीसारखे भुकेनुसार पाजणे. चोवीस तासांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके लागतात. उपचार लांबला तर गळू होऊन पू काढण्याची वेळ येऊ शकते.

दुसरा समज अधिक घातक आहे. सुजलेल्या स्तनातील दूध 'नासलेले' मानून बाळाला तोडले जाते. गायी-म्हशींना कासदाह झाला की त्या सडाचे दूध वापरत नाहीत, हे पशुपालक कुटुंबांना ठाऊक असते. मानवी स्तनदाहात मात्र पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला ते दूध सुरक्षित असते. पाजणे एकाएकी थांबवल्यास दूध दाटते आणि आईचेच दुखणे बळावते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या; त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ७८.९ टक्के होते. तरीही जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू होण्याचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांखालील निव्वळ स्तनपान ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले, ही समाधानाची बाब. परंतु स्तनदाह गाठतो तो आई घरी परतल्यावर, रुग्णालयातील परिचारिका दूर असताना. पाजणे सोडावे की चालू ठेवावे, याचा निर्णय तापलेल्या अंगाने, अपुऱ्या झोपेत, चार जणींचे चार सल्ले ऐकत घ्यावा लागतो.

या काळात तिच्या दारी नियमाने येणारी व्यक्ती एकच, आशा कार्यकर्ती. रुग्णालयात प्रसूती झाल्यास नवजात बालकाच्या गृहभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत. स्तनदाहाचा धोका सर्वाधिक असतो तोही याच सहा आठवड्यांत. म्हणजे भेटींचे वेळापत्रक आधीच तयार आहे. त्या भेटीत नवे चित्र पोहोचले पाहिजे, आणि ते आईइतकेच तिच्या सासूला व आईलाही समजावले पाहिजे. कारण शेकाची पिशवी बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते.