चिंचणीत निघालेलं हजार वर्षांचं दप्तर

चिंचणी म्हटलं की लोकांना आठवते ती लांबलचक चौपाटी, सुरूची झाडं, आणि धंद्यातल्या माणसाला डायमेकिंग. मीही पाहुण्यांना हेच दाखवत आले. आता मात्र भेटेल त्याला एकच सांगत सुटले आहे : अहो, आपल्या चिंचणीत हजार वर्षांपूर्वीच्या एका मठाचं दप्तर निघालेलं आहे! पाच ताम्रपट! सगळ्यात जुना शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926. सगळ्यात अलीकडचा शके 975 चा, म्हणजे 1053. त्यानंतरही ज्ञानेश्वरी व्हायला सव्वादोनशेहून जास्त वर्षं जायची होती.

हे ताम्रपट आहेत संस्कृतात आणि ते छापले आहेत 'एपिग्राफिया इंडिका'च्या बत्तिसाव्या खंडात. भारतीय पुरातत्त्व खात्याचं हे कोरीव लेखांचं प्रकाशन. त्यातल्या लेखांच्या मथळ्यात 'चिंचणी' हे आपल्या गावाचं नाव पाहिलं आणि मी बसल्या जागी उडालेच. मग ते लेख वाचून संपेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

काय आहे त्यात? ऐका. मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र राज्य करतो आहे. त्याच्या राज्याच्या या किनारपट्टीच्या टोकाला 'संयान' मंडल आहे. संयान म्हणजे आपल्या उत्तरेचं संजाण, जे आज गुजरातेत उंबरगाव तालुक्यात येतं. या मंडलाचा अधिकारी कोण? तर मधुमती. ताजिक, म्हणजे अरब! हे 'मधुमती' म्हणजे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप. त्याचं दुसरं नाव सुगतिप, आणि बापाचं नाव ताम्रपटात दिलं आहे 'सहियारहार'. इंद्राच्या आधीच्या दुसऱ्या कृष्णराजानं त्याला इथं नेमलं. त्यानं आसपासची बंदरं आपल्या धन्यासाठी जिंकली आणि तिथं स्वतःची माणसं बसवली.

इतकं वाचून वाटेल, झाला एक सरदार. पण पुढच्या ओळी बघा. या मधुमतीनं नदीनाल्यांवर फुकट नावेची सोय केली. संजाणात अन्नछत्र घातलं. तिथं काय वाढायचे हेही नोंदवलेलं आहे : साळीचा भात, कालवणं आणि तूप, तेही फुकट! अकराशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर उतरलेल्या भुकेल्या वाटसरूच्या पानात काय पडत होतं ते आज मला ठाऊक आहे. राजांच्या लढाया शाळेत पुष्कळ शिकले, पण एवढा आनंद कुठल्याच लढाईनं दिला नव्हता.

आणि मूळ दान कशासाठी? अन्नैय नावाच्या एका ब्राह्मणानं संजाणात मठिका बांधली होती. दशमी नावाच्या देवीची, भगवतीची ती मठिका. तिची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि नऊ जणांचं जेवण चालावं म्हणून कणाडुक नावाचं गाव आणि देवीहार गावातली काही जमीन दिली गेली. राजा कानडी मुलुखाचा, अधिकारी अरब मुसलमान, मठिका देवीची, आणि दान पार पडलेलं. मधुमतीचा मंत्री पुव्वैय याचंही नाव त्यात आहे. या अन्नैयाचं नाव एरवी कुणी घेतलं असतं का? त्यानं राज्य केलं नाही, काव्य लिहिलं नाही. एक मठिका बांधली, एवढंच. तरीही तो आज आपल्याला नावानिशी माहीत आहे, आणि त्याचं सगळं श्रेय त्या तांब्याच्या पत्र्याला.

ताम्रपट म्हणजे त्या काळचा सातबाराच. तो राजाकडे राहत नसे, ज्याला दान मिळालं त्याच्याकडे जाई. पत्र्यावर मजकूर कोरायचा, भोक पाडून कडी घालायची, कडीवर राजमुद्रा बसवायची. पुढं हक्काचा वाद आला की हा पत्रा पुढं करायचा. मठिकेच्या लोकांनी हेच केलं. 926 ची सनद त्यांनी सांभाळली. तिसऱ्या कृष्णाच्या काळात दुसरी आली, तीही ठेवली. राष्ट्रकूट बुडाले, संजाण शिलाहारांच्या अमलाखाली आलं, तरी दप्तर जागेवर. मग शके 956 ची, 969 ची, 975 ची सनद त्यात पडली. सव्वाशेहून जास्त वर्षं कुणी ना कुणी हे पत्रे जपत होतं. त्या जपणाऱ्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत, पण मला वाटतं, या सगळ्या कथेतली सर्वांत मोठी माणसं तीच.

दुसऱ्या सनदेत तर चक्क भांडण आहे! भिल्लमाळहून, म्हणजे राजस्थानातल्या भीनमाळहून, व्यापारी संजाणला आले होते आणि त्यांनी आपल्या देवाचं देऊळ उभारलं होतं. त्या देवाची जमीन आणि मठिकेची जमीन यावरून तंटा झाला. शेवटी तडजोड ठरली : मठिकेनं देवाला 40 द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, द्यायची. किती घरगुती वाद आहे हा! दोन शेजाऱ्यांची बांधावरची कटकट, मध्यस्थी आणि ठरलेली रक्कम, हे सगळं तिसऱ्या कृष्णासारख्या बलाढ्य सम्राटाच्या अमदानीत तांब्यावर कोरून ठेवलेलं.

1034 ची सनद मला सगळ्यांत जास्त आवडते. तेव्हा इथं चामुंडराज होता, शिलाहार छित्तराजाचा मांडलिक. त्यानं दिलं काय, तर एक तेलाचा घाणा! भगवतीपुढं दिवा जळावा म्हणून, आणि मठिकेत येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल चोळावं म्हणून. दूरवरून चालत आलेल्या अभ्यासकाचे पाय दुखत असतील, ही काळजी राजसनदेत आहे! याच सनदेत गावच्या मंडळींमध्ये अल्लिय, महर, मधुमत अशी नावं येतात. अली आणि मुहम्मद त्यांत स्वच्छ ओळखू येतात. आणि 'हंजमान' या नावानं एक नागरी समूह येतो, तो अभ्यासक पारशांच्या अंजुमनशी जोडतात. पारशांच्या संजाणातल्या आगमनाची प्रसिद्ध कथा, 'किस्सा-ए-संजान', बहमन कैकोबादनं फारसी पद्यात लिहिली ती 1599 मध्ये. हा पत्रा तिच्याआधी साडेपाचशेहून जास्त वर्षांचा.

पण हे सगळं मला समजलं कसं? मला ती लिपी वाचता येत नाही, आणि सनदी संस्कृत तर मुळीच नाही. ते वाचलं दिनेशचंद्र सरकार यांनी. जन्म 1907 चा, पूर्व बंगालातल्या फरीदपूर जिल्ह्यातला. पुढं ते भारत सरकारचे पुराभिलेखतज्ज्ञ झाले. त्यांचं काम पाहून मी थक्क झाले. पत्र्यावरच्या लेखाची ओळ न् ओळ आकड्यानिशी छापलेली. कोरणाऱ्यानं चुकवलेलं अक्षर मूळ तसंच ठेवून दुरुस्ती वेगळी दाखवलेली. तिथी इसवी सनात बसवून दाखवलेली, गावं आजच्या नकाशावर शोधलेली, आणि जिथं अर्थ पक्का लागत नाही तिथं तसं सरळ सांगितलेलं. शिवाय ठशांचे फोटो आहेत, म्हणजे उद्या कुणाला त्यांचं वाचन पटलं नाही तर त्यानं स्वतः वाचून पाहावं! फरीदपूरच्या या माणसानं आमच्या किनाऱ्यावरच्या अन्नैयाची, मधुमतीची इतकी निगुतीनं चौकशी केली. विद्वत्ता हा शब्द मी आजवर फार ढिलाईनं वापरत होते. त्यानंतर वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे लेख एका जाडजूड खंडात आणले, 1977 साली. ज्याला कोकणचा हा काळ समजून घ्यायचाय त्यानं तो खंडही उघडावाच.

आज चिंचणी-तारापूर भागात दागिन्यांचे साचे पोलादावर हातानं कोरणारे कारागीर आहेत. टाक्याच्या एका चुकीची किंमत त्यांच्याइतकी कुणाला कळणार? या पत्र्यांचे ठसे त्यांच्यासमोर ठेवावेत, शाळांतून लावावेत, असं मला मनापासून वाटतं. आपल्या मुलांना पानिपत पाठ आहे. साळीचा भात वाढणारा मधुमतीही पाठ व्हायला हवा.

'एपिग्राफिया इंडिका'चे जुने खंड आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. बत्तिसावा खंड काढा आणि चिंचणी शोधा. इंग्रजी जड वाटलं तर गावातल्या एखाद्या शिक्षकाला सोबत घेऊन बसा. आणि डहाणू-तलासरीच्या वाड्यांमध्ये, जुन्या घराच्या माळ्यावर किंवा पाया खणताना अक्षरं कोरलेला पत्रा किंवा दगड हाती लागला, तर तो घासूनपुसून चकचकीत करू नका, भंगारवाल्याला देऊ नका. जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, असा 1878 पासूनचा कायदाच आहे. ती जरूर द्या, आणि त्याआधी एक स्वच्छ फोटो काढून ठेवा.