डावीकडचं ऊन

कात्रजचा बोगदा ओलांडला की साताऱ्याकडे जाणारा रस्ता साधारण दक्षिणेला धावतो. सकाळी नऊच्या सुमाराला पुण्याहून आईकडे शिवऱ्याला निघावं तर ऊन डाव्या अंगाला. दिवसभर आईबरोबर शेतावर थांबून चारला पुण्याकडे परतावं, तर तोंड उत्तरेला आणि सूर्य सिंहगड-राजगडाच्या बाजूला कललेला, म्हणजे ऊन पुन्हा डाव्याच अंगाला. वर्षानुवर्षं स्कूटरवरून माझी ही ये-जा चालू आहे. त्यातच डाव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकणारा एक गुलाबी, पातळ पापुद्रा दिसायला लागला. संध्याकाळी डोळा चुरचुरायचा, वारा लागला की पाणी यायचं.

आमच्याकडे याला डोळ्यात मांस वाढणं म्हणतात. आईच्या दोन्ही डोळ्यांत ते आहे, चुलत्यांच्याही आहे. ज्यांचा जन्म भातखाचरात आणि खळ्यावर गेला, त्यांच्यात ते इतकं नेहमीचं की त्यावर कोणी बोलतही नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी टेरिजियम असं नाव सांगितलं. ऊन, धूळ आणि वारा ही तिन्ही कारणं सांगितली, पण उन्हातल्या अतिनील किरणांवर त्यांचा सगळ्यात जास्त भर होता. मी रस्त्याचं सांगितल्यावर त्यांनी कागदावर डोळ्याची आकृती काढली. कानशिलाच्या बाजूने तिरपा येणारा प्रकाश बुबुळावरच्या पारदर्शक, गोल पारपटलाच्या कडेवर पडतो, तिथे वळतो आणि पलीकडे, नाकाकडच्या कडेवर एकवटतो. तिथे त्याची तीव्रता कित्येक पटींनी वाढते. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी हे मांडलं आणि मांस बहुधा नाकाच्या बाजूनेच का वाढतं, याचा उलगडा झाला. माझ्या डोळ्याला एकटा तो रस्ताच कारण आहे असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण बाजूने येणारं ऊन अडवा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

ही बाजूची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपण उन्हाचा विचार डोक्यावरून करतो. मेच्या मध्याला आमच्या भागात सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. कातडीला तेव्हाचं ऊन सगळ्यात वाईट. डोळ्यांवर मात्र त्या वेळी भुवयांची आणि पापण्यांची सावली असते. जपानमधल्या संशोधकांनी पुतळ्याच्या डोळ्यांच्या जागी सेन्सर बसवून मोजलं, तेव्हा डोळ्यांत जाणारे अतिनील किरण सकाळी आणि दुपार कलल्यावर, सूर्य आकाशात अर्ध्यावर असताना जास्त भरले. माझ्या जाण्यायेण्याच्या नेमक्या त्याच वेळा. शेतावरच्या कामाच्याही त्याच, कारण बाराच्या उन्हात माणसं झाडाखाली भाकरीला बसतात.

मग गॉगल बघायला निघाले. हायवेच्या कडेला स्टँडवर मांडलेले असतात तेही पाहिले, पुण्यातली चष्म्याची दुकानंही पालथी घातली. काच किती काळी आहे यावरून काही कळत नाही, हे आधी मनाशी पक्कं केलं. अतिनील किरण न अडवणारी काळी काच उघड्या डोळ्याहूनही वाईट ठरू शकते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला वाट रुंद होते. काचेवर यूव्ही 400 लिहिलेलं हवं, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. दुकानदाराने मीटरवर तपासून दाखवलं. मी स्वतः अतिनील टॉर्च नोटेवर टाकून पाहिला. नोटेच्या क्रमांकाच्या पट्टीची शाई त्या उजेडात चमकते. मध्ये काच धरली आणि चमक गेली तर काच काम करते आहे. ही ढोबळ परीक्षा झाली, मीटरच खरा. आणि किमतीचंही तसंच. पॉलिकार्बोनेटची काच मुळातच अतिनील किरण अडवते, त्यामुळे साधा दिसणारा स्वस्त गॉगल चांगला निघू शकतो आणि महागाचा सुंदर, चपटा गॉगल कानशिलाकडून सगळं ऊन आत सोडू शकतो.

माझ्यासाठी खरा पेच होता तो बोगद्याचा. भर उन्हातून गाडी आत शिरते आणि गडद गॉगल असेल तर काही क्षण समोरचं काहीच दिसत नाही. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा आवडल्या होत्या, पण त्या पुन्हा पांढऱ्या व्हायला काही मिनिटं घेतात, तोवर बोगदा संपलेला असतो. सगळ्यात गडद चौथ्या श्रेणीच्या काचा तर गाडी चालवताना वापरायच्याच नसतात. शेवटी आत काळी काच असलेलं हेल्मेट घेतलं. कडेची खुंटी सरकवली की ती वर जाते आणि बाहेरची पारदर्शक, वळणदार काच डोळ्यांपुढे राहते. तीही पॉलिकार्बोनेटची, म्हणजे बोगद्यापुरतं नव्हे तर एरवीही अतिनील किरण तिच्यावरच अडतात. काळेपणा हवा तो फक्त चकाकीसाठी.

हे लक्षात आलं आणि मला आईचा मार्ग सापडला. तिच्यासाठी आणलेला गॉगल तिने हातात घेऊन परत दिला होता. "लावणीला गॉगल घालून उभी राहू व्हय? बांधावरनं जाणारं येणारं काय म्हणंल?" तिचं खोटं नव्हतं. आमच्याकडे बाईमाणसाच्या डोळ्यांवर काळा गॉगल चढतो तो मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, तेही थोडे दिवस. मोतीबिंदूच्या कारणांतही उन्हातले अतिनील किरण आहेत. म्हणजे ज्या वयात गॉगलने राखण करायची ते सगळं वय उघड्या डोळ्यांनी काढायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिवऱ्याच्या आसपास कारखाने, फॅब्रिकेशनची वर्कशॉप आहेत. तिथल्या कामगारांच्या डोळ्यांवर पारदर्शक सेफ्टी गॉगल असतात, कानशिलापर्यंत वळलेले. हार्डवेअरच्या दुकानात दीडदोनशे रुपयांत मिळतात. पॉलिकार्बोनेटचे, बाजू झाकणारे, वर धूळही अडवणारे. भाताच्या झोडणीला तर याहून चांगलं काही नाही. एक आणला. आई म्हणाली, "ह्यो चष्माच हाय की." आणि घातला. वर डोक्यावर रुंद काठाची टोपी घ्यायला मात्र ती अजून तयार नाही, पदर पुढे ओढते. त्यानेही वरचं ऊन थोडं तुटतं.

सगळं जमलंय असं नाही. लावणीला ढगाळ असतं, पण पातळ ढगांतून अतिनील किरण खाली येतातच, म्हणून तेव्हाही घालायला सांगते. वाकून काम करताना घामाने काचा धुरकटतात आणि चिखलाच्या हातांनी त्या पुसता येत नाहीत. कारखान्यात जाणारा भाचा म्हणतो, धुकं न धरणाऱ्या काचाही मिळतात. त्या शोधते आहे. वहिनीने आणि शेजारच्या दोघीतिघींनी आपापल्यासाठी असे गॉगल मागवलेत.

वाढलेलं मांस गॉगलने मागे जात नाही. ते बुबुळावर फार पुढे सरकलं तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यानंतरही ते पुन्हा येऊ शकतं. माझ्या पापुद्र्याचं माप डॉक्टर अधूनमधून घेतात, सध्या तो आहे तिथेच आहे. आईचं माप अजून घेतलेलं नाही. कापणी-झोडणी उरकली की तिला पुण्याला न्यायचं ठरलंय आणि वहिनीलाही त्याच दिवशी.