सुंवाळीच्या किनाऱ्यावर

सुरतेच्या माणसाला ‘समुद्रावर जाऊ’ असे म्हटले की त्याचे पाऊल आपोआप डुमसकडे वळते. काळसर वाळू, कणसे भाजणाऱ्यांच्या शेगड्या, उंटावर बसून किंचाळणारी मुले आणि टोमॅटोच्या भज्यांसाठी लोटलेली गर्दी, ही रविवारची डुमसची शोभा. आमच्या घरी भुसावळ-जळगावकडचा पाहुणा आला की आम्हीही त्याला तेथेच नेतो. तापीच्या मुखापलीकडे, हजीऱ्याच्या उत्तरेस, सुंवाळी नावाचा एक निवांत किनारा आहे हे ठाऊक असूनही तिकडे जाणे कधी झाले नव्हते. गेल्या पौषात ते झाले, आणि तेही आईमुळे.

आईचे माहेर चांगदेवजवळचे. तेथे पूर्णा तापीला येऊन मिळते. त्या संगमावर तिचे बालपण गेले आणि १९६१ साली लग्न होऊन ती भुसावळ-सुरत पॅसेंजरने येथे आली. रेल्वेची ती वाट तापीच्या खोऱ्यातूनच येते. त्यामुळे ‘मी आणि नदी एकाच वाटेने सासरी आलो’ असे ती नेहमी म्हणते. मात्र साठ वर्षांहून अधिक काळ तापीकाठी राहूनही नदी समुद्राला मिळते ते ठिकाण तिने मनासारखे पाहिले नव्हते. डुमसला ती अनेकदा गेली. पण कधी कडेवर मूल, कधी हातात डबा. ‘तिथे भजी दिसतात रे, समुद्र कुठे दिसतो?’ ही तिची तक्रार. आता वय त्र्याऐंशी, गुडघे साथ देत नाहीत. मार्गशीर्षात एका दुखण्यातून उठली आणि म्हणाली, ‘एकदा तापीची ओटी भरून येऊ. माझी पाठवणी झाली, तिची कोणी केलीच नाही.’

मी सुंवाळी सुचविली. मोटार किनाऱ्याजवळ जाते आणि आडवारी गर्दी नसते. पण येथे एक कबुली दिली पाहिजे. तापीचे मुख हजीरा आणि डुमस यांच्यामध्ये आहे, सुंवाळी त्याच्या उत्तरेस. तेथून संगम दिसत नाही, हे मला ठाऊक होते. आईला ते सांगितले नाही.

पौष पौर्णिमेच्या सुमाराचा एक मंगळवार ठरला. पत्नीने वांग्याचे भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून घेतल्या. वाटेत अडाजणला पोंक घेतला. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. सुरती माणूस तो शेव आणि साखरेच्या दाण्यांबरोबर खातो, आपण चटणीबरोबर, एवढाच फरक. परंतु या फरकावरून आमच्या आळीत दर हिवाळ्यात वाद होतो.

इच्छापूर मागे पडले की रस्ता मालमोटारींचा होतो. १९८०च्या दशकात समुद्रातील वायू नळांवाटे हजीऱ्याला आला आणि त्यामागून खताचे, पोलादाचे, विजेचे कारखाने आले. या परिसरात २०२२ साली पोलादाच्या भट्टीतून निघणाऱ्या मळीचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा सहापदरी रस्ताही बांधण्यात आला. एरवी डोंगर होऊन पडून राहणारी ती मळी खडीऐवजी वापरली गेली, हे मला तरी कौतुकास्पद वाटले. आईने चिमण्या मोजण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पुढे उजवीकडे वळल्यावर मात्र देखावा पालटला. मिठाने पांढरी पडलेली जमीन, गांड्या बावळीची झुडपे, मधूनच एखादी म्हैस, आणि अकस्मात समोर नुसते आकाश.

आम्ही पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. समुद्र नव्हता! म्हणजे होता, पण दूर, क्षितिजाला टेकलेल्या एका करड्या रेघेसारखा. मध्ये ओली वाळू आणि चिखल यांचे अफाट मैदान पसरलेले. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी प्रसिद्धच आहे. येथे मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी पाच-सहा मीटर चढते-उतरते, आणि किनारा इतका सपाट की तेवढ्यात पाणी पार दिसेनासे होते. या किनाऱ्यावर माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो त्याचे कारणही हेच. ओहोटीत लोक आत चालत जातात, भरती पाठीमागच्या सखल घळीतून गुपचूप भरते आणि परतीची वाट तुटते.

आईला त्या चिखलातून नेणे शक्यच नव्हते. मला वाटले, झाले, फेरी फुकट गेली. टपरीवरच्या कोळी बाईने आईकडे पाहिले, आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि म्हणाली, ‘बा, बेसो ने. दरियो पोते आवशे.’ आजी, बसा. दर्या स्वतःच येईल. आई बसली.

बसून राहिल्यामुळेच मला ही जागा पाहता आली. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत ‘स्वाली’ असे जिचे नाव येते ती हीच सुंवाळी. गुजरातीत सुंवाळे म्हणजे मऊ. साहेबाच्या जिभेला ते पेलले नाही. तापीच्या मुखाशी गाळाचा बांध असल्याने मोठी गलबते सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत. येथे मात्र किनारा आणि समुद्रातील वाळूचा दांडा यांच्यामध्ये खोल पाण्याची एक पट्टी होती. जहाजे तीत नांगर टाकीत आणि माल बैलगाड्यांनी शहरात जाई. १६१२च्या नोव्हेंबरअखेरीस याच पाण्यात कप्तान टॉमस बेस्ट याच्या दोन जहाजांनी पोर्तुगीजांच्या चार मोठ्या गलबतांना तोंड दिले, आणि पुढल्याच वर्षी सुरतेत इंग्रजांची वखार पक्की झाली. सर टॉमस रो हा जहांगीराकडे जाणारा वकील १६१५ साली येथेच उतरला. भारतीय नौदलही आपला आरंभ १६१२ साली कंपनीची जहाजे येथे आली तेथपासून मोजते.

१६६४च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांनी वखारीच्या रक्षणासाठी या बंदरातील जहाजांवरून खलाशी बोलावून घेतले होते. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय जरा जपूनच काढावा लागतो. आमचे शेजारी दर शिवजयंतीला ‘भाई, या वेळी काय न्यायला आलात?’ असे विचारतात आणि वर लोचो खाऊ घालतात.

मला सर्वांत जवळचा वाटला तो मात्र टॉम कोर्याट. हा विलक्षण इंग्रज जेरुसलेमपासून अजमेरपर्यंत बहुतेक सारी वाट पायी तुडवीत आला, फारसी शिकला, आणि बादशहापुढे फारसीत भाषण करून त्याने बक्षीसही मिळविले. त्यामुळे वकिलाला फार संकोच झाला, ही गोष्ट वेगळी. १६१७च्या डिसेंबरात तो सुरतेला पोहोचला. पोट बिघडलेले होते. देशबांधवांनी प्रेमाने मद्य पाजले आणि तेच त्याला भोवले. सुंवाळीजवळच त्याला पुरले म्हणतात. जवळच्या राजगरी गावाबाहेरचा एक घुमट त्याचे थडगे म्हणून दाखविला जातो. तो खरोखर त्याचाच आहे की नाही याविषयी मतभेद आहेत.

हे सारे मी उत्साहाने सांगत होतो. आईने ऐकून घेतले आणि विचारले, ‘त्या बिचाऱ्याच्या आईला कळले असेल का रे?’ याचे उत्तर मला देता आले नाही.

मग तिने तो प्रश्न विचारला ज्याला मी सकाळपासून भीत होतो. ‘तापी कुठून येते?’

मी दक्षिणेकडे हात केला. तिकडे हजीऱ्याच्या चिमण्या, बंदराच्या उंच याऱ्या आणि त्यांवर धुरकट आकाश. ‘त्यांच्या मागून,’ मी म्हणालो. ‘इथून दिसत नाही, आई. मला माहीत होते.’

ती बराच वेळ गप्प राहिली. पत्नीने माझ्याकडे रागाने पाहिले, आणि तो राग योग्यच होता. मी उगीच सांगत सुटलो की आता तशीही नदी मुखाशी क्षीणच असते. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाईच्या धरणाने पाणी अडते, पुढे काकरापारला कालवे ते घेतात, आणि उरलेले सुरतेच्या कॉजवेपाशी शहराच्या तहानेसाठी थोपविलेले असते. पावसाळा सोडला तर त्याखाली बहुतेक समुद्राचेच पाणी आत-बाहेर करते. २००६च्या ऑगस्टात हीच नदी आमच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आली होती, हे बोलताना आठवले आणि मी थांबलो.

‘हे पाणी गढूळ का आहे?’ आईने विचारले.

‘नद्यांच्या गाळाने. नर्मदा, तापी, मही, साऱ्यांचा गाळ या आखातात येतो.’

‘मग झाले तर,’ ती म्हणाली. ‘चांगदेवची माती आलीच की इथपर्यंत.’

दोनच्या सुमारास ती करडी रेघ जाड झाली. आवाज नाही, लाटा नाहीत. चिखलातल्या घळी आधी चकाकू लागल्या, मग एकमेकींना मिळाल्या. बगळे मागे मागे सरकत किनाऱ्याकडे आले. भरीत-भाकरी झाली, पोंक झाला. टपरीवालीने शेव मागून घेतली आणि आमची चटणी नावाजली. साडेतीनला पाणी खुर्चीपासून दहा हातांवर होते. मी आणि पत्नीने आईला दोन्हीकडून धरले. घोट्याइतक्या पाण्याच्या पुढे जायचे नाही असे मी बजावले. तिने ते मानले.

हळदकुंकू, तांदूळ, नारळ, एवढे तिने पाण्यात सोडले. नारळ थोडा पुढे जाऊन परत तिच्या पायांशी आला. तिने तो पुन्हा लोटला, तो पुन्हा आला. ‘सासरी जायला तयार नाही,’ ती म्हणाली आणि हसली. दुखण्यातून उठल्यापासून आम्ही तिला असे हसताना पाहिले नव्हते. खण मात्र तिने पाण्यात टाकला नाही. कापडाने मासे गुदमरतील, म्हणाली. परत येऊन तिने तो टपरीवालीच्या ओटीत घातला. त्या बाईने डोक्यावर पदर घेतला, वाकून नमस्कार केला आणि खुर्चीचे पैसे घेण्याचे साफ नाकारले.

आम्ही निघालो तेव्हा खुर्ची होती तेथे पाणी आले होते. नारळ तेथेच काठाला लागून डुलत होता.