‘नू’ म्हणजे आम्ही की आपण?

पॅरिसमध्ये जुलै महिन्यात मगरिबला रात्रीचे दहा वाजत येतात. त्यामुळे चार वाजता वर्ग सुटला तरी अर्धा दिवस हाताशी उरल्यासारखा वाटे. आम्ही दोघी बहिणी पाँतेआँच्या मागच्या उतारावरून मूफतार गल्लीत उतरायचो, तिथल्या फळवाल्यांशी आमचे फ्रेंच घासून घ्यायचो आणि असरच्या सुमारास मोठ्या मशिदीत पोहोचायचो. अंतर जेमतेम वीस मिनिटांचे. बोलत गेलो की तासभर लागे.

पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सर्टिफिकेट आणि डिप्लोमा करून आम्ही इथल्या विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाला आलो होतो. चाचणी घेऊन आम्हांला ‘बी-वन’मध्ये, म्हणजे मधल्या पायरीवर बसवले. ही पायरी मोठी फसवी. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणायचे, मग कामाचे बोलायचे, हे आम्हांला कुणी शिकवावे लागले नाही. आपल्याकडेही आधी सलाम, मग कलाम. हलाल मटण कुठे मिळते, या मिठाईत जिलेटिन आहे का, हे सारे विचारता येत होते. शब्दांतही ओळखीचे चेहरे भेटत. बोलीभाषेत डॉक्टरला ‘तूबीब’ म्हणतात, तो आपला तबीब. बायकांचा स्कर्ट ‘ज्यूप’, तो जुब्ब्यावरून आलेला. आकड्याला ‘शिफ्र’, म्हणजे अरबी सिफर. नव्वदला ते ‘चार वीस दहा’ म्हणतात. वर्गातल्या इतरांनी कपाळाला हात लावला, आम्हांला मात्र ‘चार विसा नि दहा’ असे पैसे मोजणारी नानी आठवली.

अडचण आली ती स्वतःविषयी बोलताना.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक जोडीने वर्गापुढे एका ठिकाणाची माहिती सांगायची होती. आम्ही मशीद निवडली. माहिती पाठ होती, ती नीट सांगून झाली. मग एका मुलीने अगदी साधेपणाने विचारले, “तुमच्यातली एक डोकं झाकते, दुसरी नाही. असं का?” आम्ही घाईघाईने म्हणालो, “आमच्याकडे ओढणी घेतात.” या ‘घेतात’साठी फ्रेंचमध्ये ‘ऑं’ हा शब्द लागतो. बोलताना त्याचा अर्थ ‘आम्ही’ होतो, तसाच ‘लोक’ही होतो. मोठा सोयीचा शब्द. त्याच्या आड कुणीही लपावे. बाईंनी खडू खाली ठेवला आणि विचारले, “ऑं म्हणजे कोण?”

उत्तर देता येईना. वाक्य तर डोळ्यांदेखत खोटे होते, कारण धाकटीचे डोके उघडे होते. अखेर एकेकीला ‘मी’ म्हणून बोलावे लागले. थोरली म्हणाली, अब्बांनी कधी सांगितले नाही. अकरावीत नमाजची सवय लागली तशी ओढणी डोक्यावर राहिली, मग ती उतरवावीशी वाटली नाही. धाकटी म्हणाली, मला अजून तसे वाटलेले नाही, आणि आपाला वाईट वाटेल या भीतीने मी हे घरी कधी बोलले नाही. फ्रेंचमध्ये भीती व्यक्त केली की पुढच्या क्रियापदाचे रूप बदलते. महिनाभर चुकत आलेले ते रूप धाकटीने तेवढ्या एका वाक्यात बरोबर वापरले. बाई म्हणाल्या, “त्रे बियँ.”

घरात या गोष्टीवरून कधी भांडण झाले नव्हते. म्हणून बोलणेही झाले नव्हते.

त्या दिवशी मूफतार गल्लीत आम्ही काहीच विकत घेतले नाही. मशिदीचा चौकोनी मिनार ३३ मीटर उंच आहे, लांबूनच दिसू लागतो. हिरवी कौले, कोरीव लाकूड, मोरोक्कोच्या धर्तीची कारंजी. १९०५ च्या कायद्याने फ्रान्सने धर्म आणि सरकार वेगळे केले. तरीही पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांची कृतज्ञता म्हणून १९२० साली पार्लमेंटने या मशिदीसाठी पाच लाख फ्रँक मंजूर केले. १९२६ मध्ये ती खुली झाली. त्याच देशाच्या २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत हिजाब घालून बसता येत नाही. विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना तो कायदा लागू नाही, म्हणून थोरलीचे निभावले.

मशिदीला लागून चहाची जागा आहे. अंजिराची झाडे, पुदिन्याचा अतोनात गोड चहा आणि टेबलावर येऊन चुरा टिपणाऱ्या चिमण्या. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे अल्जेरियन चाचा बसले होते. हिंदुस्थानातून आलो म्हटल्यावर त्यांनी लगेच डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांचे नाव घेतले. मूळचे हैदराबादचे हमीदुल्लाह साहेब अनेक वर्षे पॅरिसमध्ये राहिले. त्यांचा कुरआनचा फ्रेंच अनुवाद १९५९ साली निघाला. चाचांच्या घरी तोच आहे. मग ते स्वतःविषयी सांगू लागले, “नू इथे साठ वर्षं राहिलो, तरी नूला अजून विचारतात, तुम्ही कुठले?”

‘नू’ म्हणजे आम्ही. पण मराठीत समोरच्याला धरून ‘आपण’ असते आणि त्याला सोडून ‘आम्ही’ असते. फ्रेंचला हा भेद ठाऊक नाही. चाचांच्या ‘नू’मध्ये आम्ही दोघी होतो की नव्हतो? धाकटीने हे त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. दोन वाक्यांनंतर तिचे व्याकरण कोलमडले, चाचा हसले आणि त्यांनी घड्याळ पाहिले. असर झाली होती.

पेला बाजूला सारून ते उठले आणि आमच्याकडे पाहत म्हणाले, “ऑं नी व्हा?”

चला, जाऊ या का? हा ‘ऑं’ आम्हांला कळला. धाकटीने पर्समधून ओढणी काढली.