तिकिटाचा मुहूर्त

आमची पुतणी कराटे शिकायला जपानात जाणार, ही बातमी रेणापुरात फुटली तेव्हा जो तो पहिला प्रश्न एकच विचारी, ‘‘पोर तिथं खाणार काय?’’ दुसरा प्रश्न लग्नाचा. पण ती जाणार कशी, कोणत्या गावाहून, किती वाजता, हे कुणीच विचारले नाही. विमानात बसले की माणूस पोचलेच, अशी आपल्याकडची भाबडी समजूत! माझी हयात पोस्टात गेली. पाकिटावर पत्ता लिहिला म्हणजे पत्र पोचत नसते, वाटेत त्याला किती थैल्या बदलाव्या लागतात हे मला ठाऊक. म्हणून हे खाते घरच्यांनी माझ्याकडे सोपवले.

तिला जायचे आहे ते ओकिनावाला. कराटेचे मूळ या बेटावरचे. गिचिन फुनाकोशी यांनी 1922 साली ते टोकियोत नेऊन दाखवले आणि मग ते जगभर पसरले. म्हणजे गंगेचे पाणी हवे तर काशीला न थांबता गंगोत्री गाठावी, असा पोरीचा हट्ट. हट्ट मोठा गोड, पण आपल्याकडून ओकिनावाच्या नाहा शहराला थेट विमान नाही. लातूरला विमानतळ आहे खरा, मात्र परदेशी जाणारे विमान तिथून सुटत नाही. मुंबईपेक्षा आम्हांला हैदराबाद जवळ.

एके रात्री जेवणे झाल्यावर तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘‘काका, हे बघा की, सगळ्यात स्वस्त!’’

मी चष्मा पुसून पाहिले. हैदराबादेहून एका शहरी उतरायचे, तिथे रात्र बाकावर काढायची, पुढे टोकियोच्या नारिता विमानतळावर जायचे आणि नाहाचे विमान पकडायचे ते हानेदाहून. नारिता आणि हानेदा ही एकाच शहराच्या नावाने ओळखली जाणारी दोन ठिकाणे, आणि मधे सामानसुमानासह तास-दीड तासाची वाट. शिवाय तिकिटे निरनिराळी. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरे बापुडे थांबत नाही, आणि त्याचे पैसेही कोणी परत देत नाही. सलग एकच तिकीट असले तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. जपानात पाऊल टाकताच पहिल्या विमानतळावर सामान हाती घेऊन जकात ओलांडावी लागते, तिथेही वेळ जातो. हा सगळा हिशेब त्या स्वस्त आकड्यात कुठेच लिहिलेला नव्हता.

बरे, पोचून लगेच शिकायला उभे राहायचे का? जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा रेणापुरात साडेपाच. पूर्वेकडचा प्रवास शरीराला पश्चिमेकडच्यापेक्षा अधिक जड जातो म्हणतात. अर्धवट झोपेतल्या माणसाला कुणी लाथ कशी मारावी हे शिकवावे, यात शिकवणाऱ्याचाही अपमान आहे! मी दोन दिवस आधी पोचण्याचा आग्रह धरला. भावाने दोन दिवसांच्या खोलीचे भाडे मोजले आणि तो गप्प बसला.

महिना कोणता? परीक्षेनंतरचा एप्रिलअखेर सोईचा, तर तेव्हा जपानात सुट्ट्यांचा सप्ताह आणि तिकिटे चढलेली. मेमध्ये त्या बेटावर पाऊस सुरू होतो. पुढे जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस, विमाने रद्द होण्याचे. राहिला नोव्हेंबर. भावजयीची अट एवढीच, की भाऊबीज होऊ द्यावी.

आणि इथेच खरी गाठ पडली. नोव्हेंबरचे तिकीट ऑगस्टात घ्यावे तर परवडते. आणि भावाच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर. तिकिटाचा आकडा दोन एकरांच्या मालाला भिडलेला. तशात 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, तो पाहिलेला माणूस उभ्या पिकावर भरवसा ठेवील कसा? ‘‘दादा, माल घरात येऊ द्या, मग बघू,’’ असे तो म्हणे. तेव्हा पोरगी उठून आत जाई.

मला खाशाबा जाधव आठवत. 1948 साली लंडनला जाण्याचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तांबड्या मातीतला हा गडी तिथे गादीवर खेळला आणि सहावा आला. 1952 च्या हेलसिंकीसाठी मात्र पैसे उभे राहीनात. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले. कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबांना आणायला कऱ्हाडच्या स्टेशनवर 151 बैलगाड्या लोटल्या, ही गोष्ट सगळे सांगतात. पुढे कुस्त्या मारून त्यांनी ते घर सोडवले, हे मात्र सांगायचे राहून जाते. मला त्या बैलगाड्यांपेक्षा गहाणखताचेच अप्रूप अधिक.

माझे घर गहाण पडण्याइतके मोठे नाही. पोस्टातली एक मुदतठेव होती, ती मुदतीआधी मोडली. व्याज कापले गेले. भावाने रक्कम तारखेसह वहीत लिहिली आणि खाली सही केली. सख्ख्या भावात सही कशाला, असे मी म्हणालो नाही. त्याला ती करायची होती. तारीख बदलता येईल असे तिकीट घेतले, थोडे महाग पडले.

शेवटचा तंटा लाठीचा. ओकिनावात सहा फुटी लाठीही शिकवतात, तिला बो म्हणतात. पोरीला स्वतःचीच न्यायची होती. पण बहुतेक विमानांत सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटरांत बसावी लागते, आणि नुसती लाठीच 180 च्या वर. बसायच्या जागी तर ती नेऊच देत नाहीत. ‘‘कापून नेऊ का?’’ असे भावाने विचारले, तेव्हा ती जी हसली ती थांबेचना.

लाठी आता देवघराच्या कोपऱ्यात उभी आहे. सोयाबीनची गंजी अजून रानातच आहे, आणि भाऊ रोज संध्याकाळी आभाळाकडे पाहून येतो.